पाहुण्यांची किटली

आत्याने त्याला जिन्यातच गाठलं.

तो वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडचं काम संपवून खाली उतरत होता. खांद्यावरच्या पिशवीतून वायरींचं भेंडोळं डोकावत होतं, आणि आत्याला तेवढा पुरावा पुरला. ती जिन्यात आडवी उभी राहिली.

"तुम्ही कम्प्युटरवाले ना?"

"हो, पण मला आत्ता जरा—"

"दोन मिनिटांचं काम आहे. या."

आत्याची दोन मिनिटं किती लांबतात हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. तो तिच्या मागून पहिल्या मजल्यावरच्या खोलीत शिरला आणि दारातच थबकला. समोरच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या होत्या, आणि फळ्यांवर दातच दात होते. प्लास्टरचे पांढरे जबडे, ओळीने मांडलेले, सगळ्यांची तोंडं दाराकडे.

"हे सगळे माझ्याकडे बघून हसतायत का?" त्याने विचारलं.

"नवीन माणूस दिसला की हसतात," खिडकीपाशी बसलेली मुलगी मान वर न करता म्हणाली. "ओळख झाली की गप्प बसतात."

ही ठमी. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून आत्याने तिला ठमी म्हटलं, आणि आता ती चांगली शिडशिडीत झाली तरी नाव काही उतरलं नाही. लॅब तिच्या बाबांची. दातांचे डॉक्टर मापं आणि फोटो मेलने पाठवायचे, आणि इथे त्यावरून कवळ्या आणि दातांच्या कॅप तयार व्हायच्या. बाबा भट्टी सांभाळायचे, आत्या साचे आणि पाठवणी बघायची, आणि पुढचे दात ठमीकडे असायचे. पुढच्या दातांत केसाइतकी चूक झाली तरी माणूस आरशासमोरून हलत नाही, त्यामुळे ते काम कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या हातात देता येत नाही.

धंदाच असा असल्यामुळे ठमीला माणसाचे दात आधी दिसायचे आणि चेहरा नंतर. तिने मान वर केली तेव्हा हा गृहस्थ हसत होता, पण तोंडावर हात धरून. दोन बोटांच्या फटीतून तिला हवं ते दिसलंच. वरचा पुढचा दात, डावीकडचा, कोपऱ्याचा टवका उडालेला. तिने मनातल्या मनात त्याचं नाव टवका ठेवलं आणि बोटाने कम्प्युटर दाखवला.

"मेल उघडत नाही."

"पासवर्ड?"

"तिथपर्यंत जातच नाही. प्रोग्रॅम सुरू केला की नाव येतं, 'सुरू होत आहे' असं येतं, आणि मग ते चक्र फिरत बसतं. काही वेळाने सगळं पांढरं पडतं. कधी उघडतो, कधी नाही."

"कधीपासून?"

"नवी भट्टी आली तेव्हापासून."

"भट्टी कम्प्युटरला जोडलीय?"

"नाही."

"मग तिचा काही संबंध नाही," टवका खुर्ची ओढून बसला. बाह्या दुमडल्या. बोटं लांब होती आणि नखं स्वच्छ कापलेली. हे पाहायचं ठमीला काही कारण नव्हतं, पण तिने पाहिलं.

तो बसला म्हणजे पाहुणा झाला, आणि पाहुणा आला म्हणजे किटली. लॅबचा नियम असा की घरच्यांचा चहा घरून थर्मासमध्ये यायचा, जेवणानंतर तो पार कोमट व्हायचा आणि सगळे तो मुकाट्याने प्यायचे. मागच्या छोट्या खोलीतली विजेची किटली मात्र फक्त पाहुण्यांसाठी होती. आत्या लगबगीने आत गेली.

टवका कामाला लागला होता. "आधी सेफ मोडमध्ये बघू. म्हणजे प्रोग्रॅमला चिकटलेलं बाकीचं सगळं बाजूला ठेवून नुसता तोच सुरू करायचा."

"उगाच चिकटलेलं काढायचं आणि बघायचं, उभा राहतो का."

"अगदी बरोबर. तुम्ही हे काम केलंय?"

"मी दात बसवते," ठमी म्हणाली. "तत्त्व तेच."

सेफ मोडमध्येही चक्र फिरत राहिलं. टवक्याने भुवया उंचावल्या. मग त्याने प्रोग्रॅमला जोडलेले छोटे छोटे कार्यक्रम यादीतून एकेक करून बंद केले. शेवटचा बंद केला, पुन्हा सुरू केलं, आणि... पडद्यावर मेलची लांबलचक रांग उलगडली. त्याच वेळी आत्या वाफाळता कप घेऊन बाहेर आली.

"झालं?" आत्या म्हणाली. "बघ, दोनच मिनिटं."

टवका तोंडावर हात धरून हसला. जाताना त्याने एका कागदावर आपला फोन नंबर लिहून ठेवला. "पुन्हा अडलं तर..."

"अडेल का?" ठमीने विचारलं.

"नाही अडायला पाहिजे," तो म्हणाला, आणि दोघांनाही ते उत्तर का कोण जाणे, तितकंसं आवडलं नाही.

पण अडलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी प्रोग्रॅम पांढरा पडला, आणि ठमीने नाराज व्हायला हवं होतं तितकी ती झाली नाही. तिने फोन केला.

तो आला तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता. केस कपाळावर चिकटले होते. आत्याने टॉवेल दिला आणि किटली लावायला गेली. टवक्याने या वेळी मेलची फाइल तपासली आणि तो खुर्चीतच मागे रेलला.

"तुम्ही आजवर एकही मेल पुसलेला नाही?"

"आत्या पुसू देत नाही."

"का पुसायचा?" आतून आवाज आला. "ज्या माणसाचा दात केला, तो माणूस हयात आहे तोवर त्याचा साचा टाकायचा नाही, त्याचा फोटो पुसायचा नाही. उद्या दात हरवून आला तर?"

"इतके लोक दात हरवतात?"

"एका गृहस्थांनी तीनदा हरवलेत," ठमी म्हणाली. "एकदा तर मुलीच्या लग्नात. स्वतःच्या भाषणात."

टवका खळखळून हसला. हात तोंडावर जायला जरा उशीर झाला.

"हात कशाला धरता?" ठमीने सरळ विचारलं.

"दाताचं... शाळेत पाण्याच्या नळाला वाकलो होतो, मागून कुणीतरी ढकललं. तेव्हापासून सवयच लागली." तो पडद्याकडे वळला. "वाईट दिसतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं? मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दातच बघते. सरळ, सारखे, पांढरेधोप. सगळे सारखे दिसले की जीव कंटाळतो." एवढं बोलून तिच्या लक्षात आलं की आपण जरा जास्त बोललो. तिने पुढ्यातली मेणाची पट्टी उचलली आणि ती उलटी धरली.

जुने मेल वेगळ्या कप्प्यात हलवून, फाइल हलकी करून टवक्याने प्रोग्रॅम सुरू केला. तो उघडला. चहा आला. आत्याने कप ठेवताना एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा ठमीकडे, आणि काही न बोलता आत गेली. आत्या काही न बोलता जाते तेव्हा तिला पुष्कळ बोलायचं असतं.

ते ती संध्याकाळी साचे पुसताना बोलली. "मुद्दाम ठेवतो तो."

"काय ठेवतो?"

"बिघाड. थोडा काढतो, थोडा ठेवतो. नाहीतर तो आल्या आल्या मेल कसा उघडतो गं? आणि पाठ फिरली की बंद! हुशार माणूस आहे. दुरुस्ती दुरुस्तीसारखी करत नाहीये."

"काहीतरीच तुझं."

"माझं कसलं काहीतरी. बघ तू."

ठमीने नाक मुरडलं. पण रात्री उशीवर डोकं टेकल्यावर तिने ते बोलणं पुन्हा काढून तपासलं. ठमी अंदाजाने काम करणारी मुलगी नव्हती. ती मोजल्याशिवाय कापत नसे, घासल्यावर पुन्हा मोजत असे. कुणाविषयी काही वाटलं तरी ते तोंडातून काढायच्या आधी तिला काहीतरी पुरावा लागायचा, आणि आजवर कुणी तो दिला नव्हता, म्हणून आजवर ती काही बोललीही नव्हती. हा माणूस मात्र पुरावा देत होता. कम्प्युटरमधून का होईना, देत होता.

त्यानंतर ठमीची सकाळ त्या चक्राभोवती फिरू लागली. ज्या दिवशी पाठवणीच्या चिठ्ठ्या छापायच्या असत त्या दिवशी मेल मुकाट उघडायचा आणि ती खट्टू व्हायची. बाकीच्या दिवशी कधीकधी चक्र फिरत राहायचं, पडदा पांढरा पडायचा, आणि तिचा हात आपसूक फोनकडे जायचा. अर्थात रोज उठून फोन करणं बरं दिसलं नसतं, म्हणून ती कधी कम्प्युटर बंद-चालू करत बसे, कधी दुपारपर्यंत वाट बघे. पण शेवटी फोन जायचाच.

तिसऱ्या खेपेला त्याने नवं प्रोफाइल बनवलं. मेलची रांग क्षणभर रिकामी दिसली तेव्हा आत्या "गेलं! सगळं गेलं!" म्हणून किटलीसकट बाहेर धावली, आणि सगळं परत आल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. टवका मात्र ठमीकडे बघत होता. डोळ्यांत काहीतरी मिश्कील होतं.

"मधल्या दिवसांत तुम्ही काही... केलं नव्हतंत ना याला?"

"मी? मी काय करणार?"

"नाही, सहज विचारलं. मी असताना इतका शहाण्यासारखा वागतो."

"तुमचा धाक असेल."

"माझा कुणाला धाक नाही हो," तो हळूच म्हणाला, "हीच तर अडचण आहे."

ठमीचा चेहरा तापला. तिने खिडकी उघडली. खिडकी आधीच उघडी होती.

एव्हाना टवका चहा संपल्यावरही बसू लागला होता. कुठला दात कसा ओळखायचा हे त्याला शिकायचं होतं म्हणे. ठमीने त्याला कवळीचा चावा तपासायचा निळा कागद दाखवला. "हा मध्ये धरायचा आणि दात मिटायचे. जिथे उंच लागतं तिथे निळा डाग पडतो. तेवढाच घासायचा, आणि पुन्हा कागद. एका वेळी एकच डाग. दोन घासलेत की कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही."

"आणि घाई असेल तर?"

"तरी एकच."

"मग तुम्ही निर्णय घ्यायला खूप वेळ लावत असाल," टवका म्हणाला.

"हो," ठमी म्हणाली. "पण मग बदलत नाही."

मागून बाबांनी खोकून भट्टीचं दार लावलं.

बाबा बोलण्यात चिक्कू आणि बटणं बंद करण्यात तत्पर. लॅबमध्ये ज्योत, मेण, भट्टी, सगळंच पेट घेणारं, त्यामुळे जे वापरात नाही त्याचं बटण त्यांनी बंद केलेलंच असायचं. बोलले की मात्र एकदाच बोलायचे. तसे ते त्या आठवड्यात बोलले, कारण त्यांच्या सगळ्यात जुन्या डॉक्टरबाईंनी पाठवलेली सहा दातांची मोठी ऑर्डर मेल बंद पडल्यामुळे एक दिवस उशिरा दिसली होती. डॉक्टरबाईंनी फोनवर आवाज चढवला नव्हता. पण पेशंटला परत पाठवावं लागलं, एवढं सांगितलं होतं, आणि बाबांना तेच जास्त लागलं.

"उद्या त्या मुलाला बोलव," बाबा ठमीला म्हणाले. "शेवटचं. उद्या कायमचं नीट झालं तर उत्तम. नाहीतर दुसरा माणूस बघू."

ठमीने हो म्हटलं आणि मग तिला कळलं की आपण कशाला हो म्हटलं. उद्या नीट झालं तर तो यायचं कारण संपलं. नाही झालं तर तोच संपला. कुठूनही मोजलं तरी उद्यानंतर टवका या खोलीत नव्हता.

पण मग तिला तिचा पुरावा आठवला. जो माणूस आपल्यासाठी इतके दिवस बिघाड सांभाळून ठेवतो, तो शेवटच्या दिवशी काहीतरी बोलेलच की. आपण फक्त ऐकायला तयार राहायचं. तिने दुसऱ्या दिवशी निळा कुर्ता घातला. आत्याने पाहिलं आणि पुन्हा काहीच बोलली नाही.

टवका आला तो गालावर हात धरून.

"बसा," आत्या वळली. "चहा—"

"नको, आत्या. आज नाही. तोच दात कालपासून ठणकतोय. गरम नाही, गार नाही, काही म्हणजे काही चालत नाही."

आत्याला चहा नाकारलेला आवडत नसे. ती हिरमुसून साच्यांकडे गेली. टवक्याने प्रोग्रॅम सुरू केला. चक्र फिरलं. सेफ मोड. चक्र. जोडलेले कार्यक्रम बंदच होते. फाइल तपासली, ठीक होती. नवं प्रोफाइल पुन्हा नव्याने केलं. पडदा पांढरा पडला. प्रोग्रॅम पूर्ण काढून टाकला आणि परत घातला. चक्र फिरत राहिलं.

ठमी खिडकीशी बसून कवळीचा दात घासायचं नाटक करत होती. आधी तिला गंमत वाटली. मग वाटलं, शेवटचा दिवस म्हणून लांबवतोय. दुपार कलली. बाबा दोनदा येऊन मागे उभे राहून गेले. टवक्याच्या कपाळावर घाम होता.

तिने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "पुरे आता. बाबा खरंच दुसरा माणूस आणतील. उघडा ना."

"उघडा म्हणजे?"

"म्हणजे... उघडा. तुम्हाला येतं ते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मी तुम्हाला तेच म्हणणार होतो. तुम्ही काय केलंय ते आता सांगून टाका. मी हात टेकले."

"मी? मी काय केलंय?"

तेवढ्यात दार वाजलं आणि डॉक्टरबाई आत आल्या. स्वतः आल्या होत्या. हातात खोका, चेहऱ्यावर थकवा. "म्हटलं, मेल बंद आहे तर मापं हातातच द्यावीत," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर टेकल्या. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आत्या धावली ती थेट मागच्या खोलीत.

टवक्याने निरुपायाने पुन्हा एकदा बटण दाबलं. काही न बदलता. नुसतंच.

चक्र फिरलं... आणि मेलची रांग उलगडली.

टवक्याने दोन्ही हात कीबोर्डवरून वर उचलले, जणू चोर पकडला गेला. "मी काही केलेलं नाही," तो म्हणाला. "आईशप्पथ, मी काहीही केलेलं नाही."

त्याचा चेहरा इतका गोंधळलेला होता की ठमीला त्याच क्षणी कळलं, हा माणूस आज नाटक करत नाहीये. आणि आज करत नाहीये म्हणजे कधीच करत नव्हता. म्हणजे तिचा पुरावा पुरावाच नव्हता. पण हाताला सवय होती, आणि सवयीने ती निळ्या कागदाचा विचार करू लागली. आत्ता इथे एकच गोष्ट बदलली. एकच. कुठली?

"आत्या," ती म्हणाली, "तू आत्ता काय केलंस?"

"मी? मी कुठे काय? पाणी ठेवलं."

"किटली बंद कर. नाही, थांब. बोर्डाचंच बटण बंद कर."

"पण डॉक्टरबाईंचा चहा—"

"आत्या!"

बटण बंद झालं. ठमी टवक्याला म्हणाली, "आता प्रोग्रॅम बंद करून परत उघडा." चक्र फिरत राहिलं. पडदा पांढरा पडला. "आत्या, चालू कर." आत किटली गुणगुणू लागली. थोडं थांबून टवक्याने पुन्हा उघडलं. मेल उघडला.

"चहा," टवका पुटपुटला. "मी आलो की चहा..." तो ताडकन उठला आणि मागच्या खोलीत गेला. ठमी मागोमाग. भिंतीशी एक बोर्ड होता. त्यात किटलीची पिन, किटलीच्या शेजारी दुसरी पिन, आणि दोन्हींना मिळून एकच बटण. तिची वायर कपाटामागून वर जात होती, आणि कपाटावर, जुन्या चादरीखाली झाकलेला, हिरवा दिवा लावून प्रिंटर बसला होता.

"हा इथे कधी आला?"

"नवी भट्टी आली तेव्हा," ठमी म्हणाली. "बाहेर जागा नव्हती."

टवक्याने भिंतीला डोकं टेकलं. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत तुम्ही. आणि मी काय म्हणालो?"

"भट्टीचा काही संबंध नाही."

"मेलचा प्रोग्रॅम उघडताना आधी नेहमीच्या प्रिंटरला हाक मारतो. का मारतो विचारू नका, मारतो. प्रिंटर बंद असला की हा उत्तराची वाट बघत बसतो. तुमचे बाबा बटण बंद करून जातात. तुम्ही चिठ्ठ्या छापता त्या दिवशी बटण चालू, म्हणून मेल चालू. मी येतो त्या दिवशी किटली, म्हणून मेल चालू. आणि मी इतके दिवस शहाण्यासारखा..." त्याने वाक्य सोडून दिलं.

दुरुस्तीला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. नेहमीचा प्रिंटर म्हणून त्याने कम्प्युटरमधलाच, कागदाऐवजी फाइल बनवणारा प्रिंटर निवडला. बोर्ड बंद करून उघडलं. उघडला. चालू करून उघडलं. उघडला. बाबा म्हणाले, "वा." बाबांच्या हिशेबात ते भाषण होतं.

डॉक्टरबाईंनी चहा संपवला, टवक्याकडे पाहिलं आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "आ करा." त्याने केला. "या दाताची नस सुजलेली दिसते. उद्या सकाळी दवाखान्यात या, उशीर करू नका." आणि खोका ठेवून त्या गेल्या. बाबा त्यांना सोडायला खाली गेले. आत्याला एकाएकी मागच्या खोलीत फार काम निघालं.

टवका वायरी गुंडाळत होता. एकच वायर त्याने दोनदा गुंडाळली.

"म्हणजे," तो पिशवीकडे बघत म्हणाला, "तुम्ही मुद्दाम बिघडवत नव्हता."

"मी?" ठमीला हसू फुटलं. "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम अर्धवट दुरुस्त करता!"

"मी? छे! मी तर घरी जाऊन पुस्तकं उघडायचो. मग वाटायचं, मी गेलो की इतक्यात कसा बिघडतो, नक्की कुणीतरी..." त्याचे कान लाल झाले. "वेड्यासारखा खूश व्हायचो."

"मीही," ठमी म्हणाली. पण इतकी हळू, की ते पंख्याच्या आवाजातच विरलं.

"असो. आता नाही बिघडणार," टवका म्हणाला. त्याने पिशवी खांद्यावर घेतली, फळीवरच्या जबड्यांकडे एकदा पाहिलं, आणि जिना उतरू लागला.

ठमी उभी राहिली. तिच्याकडे आता काहीच नव्हतं. जो पुरावा ती इतके दिवस जपत होती, तो किटलीच्या वाफेबरोबर उडून गेला होता. खरं तर एक वाट उरली होती. डॉक्टरबाई त्याच्या दातावर कॅप घालायला सांगणार, ती ऑर्डर इथेच येणार, आणि दाताच्या रंगाची शेड जुळवायला त्याला एकदा तरी या खिडकीत बसावं लागणार. गप्प राहून वाट बघितली असती तरी चाललं असतं. पण मग पुन्हा तेच. पुन्हा एखाद्या कारणाच्या आड बसायचं, आणि त्याने काही बोलावं म्हणून कान टवकारायचे. ठमीला स्वतःचाच राग आला.

"थांबा!" ती जिन्याच्या कठड्याशी धावली.

तो खालच्या वळणावर होता. त्याने वर पाहिलं.

"मी... मला न मोजता बोलता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून नीट जमणार नाही. पण मेल अडला की मला आनंद व्हायचा. ज्या दिवशी उघडायचा त्या दिवशी मी खट्टू व्हायचे. बाबांची ऑर्डर बुडत होती आणि मी निळा कुर्ता घालून बसले होते. तुम्ही मुद्दाम काही केलं नाहीत हे कळलं तेव्हा मला रडू आलं असतं. बिघाड नसला तरी तुम्ही यावं असं मला वाटतं. रोज. कामाशिवाय." तिने श्वास घेतला. "झालं. आता तुम्हाला उतरायचं असेल तर उतरा."

टवका उतरला नाही. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला आणि तिच्या एक पायरी खाली थांबला, त्यामुळे दोघांचे डोळे समोरासमोर आले.

"मी पहिल्या दिवशी वकिलांकडचं काम संपवून दुसरीकडे निघालो होतो," तो म्हणाला. "तिकडे गेलोच नाही. खाली टपरीवर बसलो, तुमच्या खिडकीकडे बघत. आणि मनात म्हणत होतो, देवा, तो मेल पुन्हा अडू दे. एवढं मनापासून आजवर काहीच मागितलं नव्हतं मी."

"म्हणजे तुमचीच नजर लागली त्याला."

"असेल."

तो हसला. हात वर निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि कठड्यावर तिच्या हाताशेजारी येऊन टेकला. टवका उडालेला दात पूर्ण दिसला. ठमीने तो मनसोक्त पाहून घेतला, कारण आता थोड्याच दिवसांत तिला तो स्वतःच्या हातांनी झाकावा लागणार होता.

"शेड जुळवायला सकाळचा उजेड लागतो," ती म्हणाली. "आणि समोरच्याने हसावं लागतं."

"रोज?"

"एकदा पुरे असतं. पण मी फार सावकाश काम करते."

ऑर्डर पुढच्या आठवड्यात आली. मेल सकाळी पहिल्या फटक्यात उघडला, आणि सगळ्यात वर डॉक्टरबाईंचा निरोप होता: वरचा पुढचा दात, डावीकडचा, एक कॅप. टवका दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन खिडकीत बसला. ठमीने शेडची पट्टी त्याच्या ओठांशी धरली, तिच्यावरचा एकेक नमुन्याचा दात लावून पाहिला, आणि पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिला. बाबांनी भट्टीमागून सगळं बघितलं आणि त्या बाजूचा दिवा, कधी नव्हे तो, चालूच ठेवला.

"आत्या," ठमी म्हणाली, "चहा देतेस का यांना?"

"देते की."

ठमीला वाटलं आत्या मागच्या खोलीत जाईल. पण आत्या जागची हलली नाही. तिने टेबलाखालून थर्मास काढला, झाकण फिरवलं, आणि घरून आणलेला कोमट चहा घरच्या साध्या पेल्यात ओतून टवक्याच्या हातात दिला.

"किटली कुठे गेली?" टवक्याने विचारलं.

"ती पाहुण्यांची आहे," आत्या म्हणाली, आणि साचे पुसायला वळली.